शेडिंग धुरकट, रंग मळकट : दुखणं एकच

गुहागर तालुक्यातल्या नववीतल्या एका मुलीने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: "यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसतेय. पेन्सिल शेडिंग केलं की सगळं एकसारखं करडं दिसतं, मडकं गोल वाटतच नाही. जलरंगात पहिला हात बरा असतो, दुसऱ्या हाताला रंग मळतो. त्यात पाऊस, काही वाळत नाही. जवळपास क्लास नाही. माझा हातच बसत नाही, की रंग महागातले घ्यायला हवेत?" सोबत दोन फोटो आहेत. एक मडक्याचं पेन्सिलचित्र, दुसरं मडकं, केळी आणि पांढरं कापड असं रंगवलेलं स्थिरचित्र.

अगं, हाताचा विषय आधी मिटवून टाकू. फोटो मोठा करून पाहिला. मडक्याच्या दोन्ही बाजू सारख्या उतरल्यात, गळा मधोमध बसलाय, खोडरबराची ओढाताणही फारशी नाही. ज्याचा हात बसलेला नसतो त्याचं मडकं एका बाजूला सुजतं. तुझं सुजलेलं नाही. आणि रंग महागाचे घेतलेस तर महागाचा चिखल होईल, एवढाच फरक पडेल.

राजापूर तालुक्यात २६ वर्षं चित्रकला शिकवतेय, ही तक्रार दर जुलैत ऐकते. मुलं दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारतात, शेडिंगचा एक आणि रंगाचा एक. माझ्या मते ते एकच दुखणं आहे. गडद किती करायचं हे तू आधी ठरवत नाहीस, तिथपर्यंत हप्त्याहप्त्याने जातेस. पेन्सिलीत हप्ते भरता भरता मध्येच भीती वाटते, आता काळं होईल, म्हणून थांबतेस आणि चित्र करडं राहतं. रंगात त्याच्या उलट. फिकं पडलं म्हणून पुन्हा एक हात, तरी फिकं म्हणून आणखी एक, आणि तिसऱ्या हप्त्याला खालचा रंग उठून वरच्यात कालवला जातो.

आता थोडं परिस्थितीचं, कारण सगळा दोष तुझा नाही. तुझ्या फोटोत मडक्याची पडछाया जवळजवळ नाहीच. हे चित्र तू पावसाच्या दिवसात, दाराशी किंवा खिडकीशी बसून काढलंयस, बरोबर? झाकोळलेल्या दिवशी उजेड एका बाजूने येत नाही, सगळ्या आभाळातून झिरपत येतो. अशा उजेडात पडछाया मरते. मडकं पाटाला जिथे टेकतं तिथे एक गडद रेघ तेवढी उरते, बाकी सगळं मऊ. तू जे दिसलं तेच काढलंस. निम्मा दोष आषाढाचा आहे.

म्हणून आधी उजेड लाव, मग पेन्सिल धर. घर जुनं कौलारू असेल तर पडवीसारखी जागा नाही. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाने उजेड, वरून कौलांची सावली. शहरातले चित्रकार स्टुडिओत पडदे लावून जे करतात ते आपल्याकडे गवंड्याने आधीच करून ठेवलेलं असतं. घर स्लॅबचं असेल आणि दोन्हीकडे खिडक्या असतील तर एका खिडकीवर चादर टाक. तेही जमत नसेल तर ट्यूबलाइट बंद करून एकच बल्ब डाव्या बाजूला, मडक्याच्या वर दीड-दोन हातांवर टांग. लाइट गेले म्हणून मेणबत्ती लावू नकोस, छाया नाचत राहतात आणि डोकं दुखतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र जसा असेल तसा उजेड घ्यावा लागतो. तिथे दोन खिडक्यांच्या दोन छाया पडल्या तर त्यातली जोरकस एक धर आणि दुसरी सरळ सोडून दे. परीक्षक छाया मोजत बसत नाही, मडकं गोल झालंय का ते पाहतो.

यानंतर एक पट्टी आख. पाच चौकोन, आगपेटीएवढे. पहिला कोरा ठेव. मग दुसरा नाही, थेट पाचवा भर, तुझ्याकडच्या सगळ्यात मऊ पेन्सिलीने निघेल तेवढा काळा. मग मधला तिसरा, मग उरलेले दोन. हा क्रम मुद्दाम सांगतेय. मुलं एकापासून सुरू करून चढत जातात आणि पाचव्या घरापर्यंत पोचेस्तोवर जोर संपतो. दोन टोकं आधी ठोकली की मधली घरं आपोआप जागेवर बसतात. ही पट्टी कापून घे आणि तुझ्या मडक्याच्या चित्रावर ठेवून बघ. मी फोटोवर अंदाजाने पाहिलं, कोरं घर कुठे दिसत नाही, पाचवं तर नाहीच. सगळ्या मडक्याचा संसार दोन आणि तीन या दोन खोल्यांत चाललाय. मग ते गोल कसं दिसणार?

बहुतेक तू सगळं एचबीने केलंयस. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट आणि माती असते. एचकडे जाशील तशी माती जास्त, बीकडे जाशील तसं ग्रॅफाइट जास्त. एचबी कितीही दाबलीस तरी पाचवं घर भरत नाही, कागदात चर पडतो आणि तो चर चमकतो. एचबी रेखाटनाला, २बी मधल्या छटांना, ६बी शेवटच्या काळ्याला. तीन पुरतात.

आणि बोटाने घासणं आजपासून बंद. फोटोत उजव्या बाजूला तेलकट चट्टे दिसतायत, ते बोटाचे आहेत. कागदाला बारीक खडबडीतपणा असतो, पेन्सिलीचे कण त्याच्या उंचवट्यांवर अडकतात आणि मधले खड्डे पांढरे राहतात. ते पांढरे ठिपके असतात म्हणून शेडिंग जिवंत वाटतं. बोटाने घासलं की खड्डे बुजतात, घामाचं तेल बसतं, वर दुसरा थर धरत नाही. म्हणजे गडद करायची वाटच आपण बुजवून टाकतो. त्यापेक्षा पेन्सिल लांब धर, तळहाताखाली, आणि सुटे तिरके फटकारे जवळजवळ मार. एक थर, मग थोडी दिशा बदलून दुसरा. पावसात कागद सर्दावतो तेव्हा जपून. दमट कागदाचे तंतू मऊ होतात आणि रबर लावलं की साल निघते. चूक पुसण्यापेक्षा ती छायेत घालून टाक.

गडद कुठे जायचं हा पुढचा प्रश्न. इथे पाठांतर करू नकोस, उन्हाळ्यात वाळवणं घालताना काय करतो ते आठव. आंबापोळीचं ताट सकाळी उन्हाकडे कलतं ठेवतो. का? ऊन सरळ पडावं म्हणून. तिरकं पडलं तर तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं आणि पातळ होतं. मडक्याचंही तेच. जो भाग उजेडाकडे सरळ तोंड करून आहे तो सगळ्यात उजळ. तिथून मडकं वळत जातं तसा उजेड पातळ होत जातो आणि एका ठिकाणी पोचतच नाही. तिथे सगळ्यात गडद पट्टा येतो.

पण तो पट्टा कडेला येत नाही, कडेच्या थोडा आत येतो, आणि इथेच ९० टक्के मुलं फसतात. कडेला पाटावरून, कापडावरून, भिंतीवरून परत आलेला उजेड पडतो. तुझ्या समोर पांढरं कापड आहे, म्हणजे तो चांगला दिसेल. हा परावर्तित प्रकाश दिसला की मुलांना फार आवडतो आणि ती तो उजळून टाकतात. मग मडक्याला दोन उजळ बाजू होतात आणि मडक्याऐवजी नळा दिसतो. परावर्तित प्रकाश कितीही गोड दिसला तरी तो छायेच्या घरातला आहे. गडद पट्टा पाचवं घर असेल तर हा चौथं, क्वचित साडेतीन. दुसऱ्या घरात त्याला पाऊल टाकू द्यायचं नाही. खात्री करायची तर डोळे किलकिले करून बघ. किलकिल्या डोळ्यांना परावर्तित प्रकाश छायेत विरून गेलेला दिसला पाहिजे. वस्तूत आणि चित्रात, दोन्हीकडे.

पडछायेचं सोपं आहे. मडक्याच्या बुडाशी गडद आणि धारदार, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ. आणि मडक्याभोवती तू जी एकसारखी काळी रेघ फिरवली आहेस ती काढून टाक. उजेडाच्या बाजूला मडकं मागच्या छटेमुळे उठून दिसलं पाहिजे, तारेच्या कुंपणामुळे नाही.

लंबगोलाचं एकच सांगते. तुझं तोंड बरोबर आहे, बूड सपाट आहे. डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली तितकं ते जास्त उघडं दिसतं. म्हणजे बुडाची गोलाई तोंडापेक्षा थोडी जास्तच हवी. तू बुडाला पट्टीने रेघ मारल्यासारखी मारली आहेस, त्यामुळे मडकं पाटात रुतलंय.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आमच्या शाळेत एक मुलगा होता, घरची होडी. त्याने एकदा चित्राच्या तासाला बांगडा आणला. वर्गात वास सुटला, बाकीच्यांनी दंगा केला, पण मी त्याला काढू दिला. त्याने बांगडा दोऱ्याने खिडकीच्या गजाला आडवा टांगला, पाण्यात पोहतो तसा, पाठ वर आणि पोट खाली. तासभर शेडिंग करून माझ्याकडे आला. "बाई, ह्यो गोल दिसतच नाय. मी काय चुकलंव?" कागद पाहिला, खरंच पुठ्ठ्याचा कापल्यासारखा बांगडा. मग बांगड्याकडे पाहिलं. तोही तसाच, चपटा. मुलाने काही चुकवलं नव्हतं.

मी दोरा फिरवून बांगडा उलटा केला, पोट वर. आणि तो एकदम लाटण्यासारखा गोल दिसायला लागला. अख्खा वर्ग उठून खिडकीशी आला.

कारण असं. बांगड्याची पाठ निळी-हिरवी, गडद, पट्ट्यांची. पोट रुपेरी पांढरं. उजेड वरून येतो, म्हणजे तो पाठ उजळतो आणि पोटावर छाया पाडतो. गडद कातडीवर जास्त उजेड आणि पांढऱ्या कातडीवर छाया, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि मासा सपाट दिसतो. समुद्रात त्याला तेच हवं असतं, खाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. ही गोष्ट नीट मांडणारा माणूस, गंमत म्हणजे, चित्रकार होता. ॲबट थायर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली यावर लिहिलं. आयुष्यभर छायाप्रकाश रंगवलेल्या माणसाच्या डोळ्याला ते आधी दिसलं, याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

बांगड्याने शिकवलेली गोष्ट तुझ्या स्थिरचित्राला जशीच्या तशी लागू आहे. प्रत्येक वस्तूला दोन छटा असतात. एक तिची स्वतःची, म्हणजे तवा काळा, कापड पांढरं, मडकं मधलं. दुसरी उजेडाने दिलेली. तू दुसरी पाहतेस, पहिली विसरतेस. म्हणून तुझ्या चित्रात कापडाची घडी आणि मडक्याची छाया दोन्ही सारख्याच गडद आहेत. एकाच खिडकीचा उजेड असेल तर पांढऱ्या कापडाची छाया बहुधा दुसऱ्या घरात, फार तर तिसऱ्यात राहते. मडकं तिसऱ्यापासून सुरू होऊन पाचव्यापर्यंत जातं. चित्र सुरू करायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं चिटुकलं रेखाटन कर आणि त्यात प्रत्येक वस्तूला घर नंबर देऊन टाक. दोन मिनिटं जातात. माझी मुलं याला "घरपट्टी लावणं" म्हणतात.

चकाकीबद्दल एक. परीक्षेत तांब्याची कळशी किंवा पितळेचा तांब्या ठेवला की मुलं पांढरे ठिपके टाकून मोकळी होतात. वांग्यावरची चकाकी पांढरीच असते, कारण ती वरच्या गुळगुळीत सालीवरून जसाच्या तसा परत आलेला खिडकीचा उजेड आहे. तांब्याचं तसं नाही. धातू परत पाठवलेल्या उजेडालाही आपला रंग लावतो. म्हणून कळशीवरची चकाकी नारिंगी-गुलाबी झाक असलेली असते, अगदी मध्यभागी तेवढी पांढऱ्याकडे झुकते. आणि धातूवर छटा मडक्यासारख्या हळूहळू बदलत नाहीत. गडदच्या शेजारी एकदम उजळ, धारदार कडेने. मातीच्या मडक्याला ठिपका लागतच नाही, ते चकाकत नाही. तुझ्या रंगवलेल्या मडक्यावर ठिपका आहे, काढून टाक.

इथपर्यंत पेन्सिलीचं. एक उजेड, पाच घरं, दोन टोकं आधी, वस्तूची छटा वेगळी आणि उजेडाची वेगळी. रंगात नवीन असं फार थोडं आहे, पण जे आहे ते पाण्याचं आहे आणि पाणी आपल्याकडे जरा जास्तच आहे.

आठवडाभर एकाच रंगात काम कर, बर्न्ट सायना किंवा बर्न्ट अंबर, या दोन तपकिरींपैकी कोणताही. तीच पाच घरं, पांढरा रंग न घेता, फक्त पाणी कमी-जास्त करून. लगेच कळेल की ओलं असताना जी छटा दिसते ती वाळल्यावर राहत नाही, फिकी पडते. तुझ्या "दुसऱ्या हाताचं" मूळ इथे आहे. पहिला हात ओला असताना बरोबर वाटतो, वाळल्यावर फिका पडतो, मग तू दुसरा मारतेस. त्याऐवजी पहिलाच हात डोळ्याला हवा त्यापेक्षा एक घर गडद मार. छातीत धस्स होईल, होऊ दे. वाळल्यावर बरोबर जागेवर येतो. शेजारी त्याच कागदाची चिंधी ठेव, त्यावर आधी एक फटकारा मारून वाळू दे आणि मग ठरव.

आता मळण्याचं. कागदाच्या तीन अवस्था असतात. ओला, म्हणजे तिरक्या नजरेने पाहिलं तर चकाकतो. दमट, म्हणजे चकाकी गेली पण उलट्या बोटांनी स्पर्श केला तर गार लागतो. आणि वाळलेला, जो गार लागत नाही. काम करायचं ते ओल्यात किंवा वाळलेल्यात. दमट कागदाला हात लावायचा नाही. त्यावर ब्रश फिरवलास की अर्धवट बसलेला रंग उचलला जातो, आणि ब्रशात पाणी जास्त असेल तर ते रंगाचे कण ढकलत कडेला नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी उमटते. तुझ्या कापडाच्या मागे दोन गड्डे आहेत, मी मोजले.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या स्वतःच्या इंटरमिजिएटच्या पेपरात पार्श्वभूमीचा निळा दमट असताना मी कळशी भरायला घेतली. निळा कळशीत घुसला. रुमालाने टिपला, तर रुमालाची वीण उमटली. ती झाकायला वर गडद तपकिरी मारला, तो निळ्यात मिसळून शेवाळासारखा झाला. कळशी विहिरीच्या तळातून काढल्यासारखी दिसत होती. सी ग्रेड मिळाली आणि तीसुद्धा मला जास्त वाटली.

मग वाळवायचं कसं? पावसाळ्यात आपल्या हवेतच एवढी ओल असते की कागदातलं पाणी जायला जागा नसते, पंख्याने थोडाच फरक पडतो. घरी हेअर ड्रायर असेल तर हातभर लांबून, नाहीतर चुलीच्या किंवा शेगडीच्या उबेला, लांबूनच. परीक्षेत यातलं काही नसतं. तिथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, पाणी कमी घे आणि शेजारशेजारच्या वस्तू लागोपाठ रंगवू नकोस. मडकं रंगवलं की केळ्यांकडे जा, मग कापडाच्या लांबच्या टोकाकडे, तोवर मडकं वाळतं. दोन, ओल्या वस्तूच्या शेजारी जावंच लागलं तर मध्ये केसभर कोरी रेघ सोड. पाणी ती रेघ ओलांडत नाही. शेवटी, सगळं वाळल्यावर, हवी तिथेच ती भरायची. पुष्कळदा भरावी लागत नाही, उलट चित्र त्यामुळे मोकळं दिसतं.

कागदाचं एक बघून घे. जुना कागद पावसाळे काढून काढून बिघडतो. कागदाला खळ असते म्हणून रंग वर टिकतो. ओल लागून ती खळ गेली की कागद टिपकागदासारखा वागतो. कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाक. थेंब गोळी होऊन बसला तर कागद चांगला, लगेच शोषला आणि मागे डाग उमटला तर त्या कागदावर जलरंग करू नकोस, कोळशाने चित्रं काढायला ठेव. कागद पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटात वरच्या फळीवर ठेवायचा, भिंतीला टेकवून नाही. पॅलेटही ओलं असताना बंद करू नकोस, चार दिवसांत रंगांवर बुरशीचे केस येतात.

तुझी केळी सालीवर हिरवट मळकी झाली आहेत. ते कच्ची केळी म्हणून नाही, छायेसाठी तू पिवळ्यात काळा घातलास म्हणून. पिवळ्यात काळा घातला की शेवाळी हिरवा होतो. कुणाच्याही पिवळ्याचा होतो. पिवळ्याची छाया करायची तर आधी यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मग त्यात बर्न्ट सायना, आणि अगदी गडद जागी अल्ट्रामरीन निळा आणि क्रिमसन लाल यांचा जांभळा, पाण्यासारखा पातळ. काळी ट्यूब वर्षभर पेटीतच ठेव. करडा हवा असेल तर बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन एकत्र कर. सायना जास्त टाकलास तर उबदार करडा, निळा जास्त टाकलास तर पावसाच्या ढगासारखा थंड. आणि एका मिश्रणात दोन रंग, फार तर तीन. चौथा टाकायची इच्छा झाली की ब्रश धुवायला जा.

पांढऱ्या कापडाच्या छायेला तू एकच करडा वापरलायस, म्हणून ते सिमेंटचं वाटतं. पांढरा रंग शेजाऱ्यांचा उजेड उचलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात चुन्याने रंगवलेल्या देवळाच्या भिंतीकडे बघ, खालचा भाग तांबूस दिसतो. थोडा चिखल उडालेला असतो हे मान्य, पण बराचसा अंगणातल्या लाल मातीवरून आणि जांभ्याच्या चिऱ्यांवरून परत आलेला उजेड असतो. तसाच तुझ्या कापडाच्या घडीत मडक्याच्या बाजूने तांबूस आणि केळ्यांच्या बाजूने पिवळसर यायला हवा. अगदी थोडा, दुसऱ्या घरातच.

स्मरणचित्रासाठी एक जोड. कोकणातली मुलं आठवणीने देखावा काढताना सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट काढतात आणि आंबा, फणस, भात, माड सगळे एका रंगात उभे करतात. हिरवा बनवायचा. गॅम्बोज पिवळा जास्त आणि प्रशियन ब्लू अगदी किंचित, की लावणीचा कोवळा भात. प्रशियन ब्लू फार जहाल रंग आहे, ब्रशाच्या टोकावर येईल तेवढाच. त्यातच सायना टाकला की आंब्याचा जुना पाला. माडाची झावळी मात्र बहुतेक वेळा हिरवी नसतेच. तिच्या गुळगुळीत पातींवर आभाळ चमकतं, त्यामुळे ती निळसर करडी दिसते. दारात जाऊन बघ, पटेल.

जलरंगात पांढरा म्हणजे कागद, हे पुस्तकात वाचलं असशील. ते कुठपर्यंत नेता येतं हे पाहायचं असेल तर आपल्याच सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं दिवा हातात धरलेल्या बाईचं चित्र शोध. 'ग्लो ऑफ होप' नावाने ते ओळखलं जातं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. दिव्याच्या आड धरलेल्या बोटांतून उजेड आरपार आल्यासारखा वाटतो. तो उजेड रंगाच्या ट्यूबमधून आलेला नाही. सभोवतालचा काळोख केवढा धीटपणे घातलाय बघ, म्हणून तेवढीशी जागा पेटते. मोबाइलवर चित्र काळंपांढरं करून बघितलंस तर पाच घरं मोजता येतील.

खरेदीचं विचारलंस म्हणून. तुझ्याकडच्या पेटीतले गॅम्बोज, यलो ऑकर, बर्न्ट सायना, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू एवढे सहा पुरेत. पैसे खर्च करायचेच असतील तर एका चांगल्या गोल ब्रशावर कर, ८ किंवा १० नंबरचा, ज्याला ओला केल्यावर टोक येतं. पाण्याची भांडी दोन ठेव, एक धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. पोस्टर कलर वापरायचे ठरवलेस तर ते झाकणारे रंग आहेत, दुसरा हात चालतो, मळण्याची भीती कमी. पण पांढरा घालत गेलीस की सगळं खडूसारखं होतं, आणि घरं आधी ठरवावी लागतातच. दोन्हीपैकी काय वापरायचं हे तुझ्यावर. पाऊस लांबला आणि वाळवायची सोय नसेल तर मी तुझ्या जागी पोस्टर कलर घेतले असते.

पुढचा फोटो पाठवशील तेव्हा चित्राच्या शेजारी एक कोरा कागद ठेवून काढ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. तुझ्या या फोटोत कागदच पिवळा आलाय, त्यामुळे उजळ बाजू तू कोरी सोडलीस की हलकी भरलीस ते मला नीट कळलेलं नाही. आणि ती पाच घरांची पट्टीही त्याच फोटोत ठेव.